जुन्या यामाहाची कैफियत

आमच्या यवतमाळातील एका आदरणीय गृहस्थांनी आपले अर्धे आयुष्य मुलांना गणित शिकविण्यात आणि उरलेले अर्धे त्या मुलांच्या बापांना काटकसर शिकविण्यात वेचले. त्यांनी माझ्या भाच्यावर, आणि भाच्याच्या निमित्ताने माझ्यावर, चारचौघांत जे दोषारोप ठेवले, त्यांना लेखी उत्तर देणे मला आता क्रमप्राप्त झाले आहे. फिर्याद अशी की, नेर तालुक्यात कोरडवाहू शेती करणाऱ्या या मुलाने दारव्ह्याकडच्या एका गोठ्यात कडब्याआड पडून असलेली आरएक्स १०० जातीची यामाहा मोटारसायकल रोख पैसे मोजून घरी आणली. ती धावती करण्यासाठी दोन हंगामांचा पैसा तिच्यावर घातला. आणि मामा या नात्याने त्याचा कान धरण्याऐवजी मी त्याला उत्तेजन दिले. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले, त्या जिल्ह्यात असली हौस अशोभनीय आहे, असे गुरुजींचे मुख्य म्हणणे. तिचा धूर लोकांच्या नाकातोंडात जातो, हे उपम्हणणे. आणि सरकारनेच जी वस्तू भंगार ठरविली ती पुन्हा रस्त्यावर आणणे हा कायद्याचा अधिक्षेप आहे, हा समारोप. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. गुरुजींपुढे मान डोलावण्याची सवय त्यांना इयत्ता पाचवीपासून आहे हे लक्षात घेतले, तरी मौन म्हणजे कबुली असा अर्थ निघू नये म्हणून हा खटाटोप.

समारोपापासूनच सुरुवात करतो, कारण तो भाग सर्वांत कच्चा आहे. पंधरा वर्षांवरील प्रत्येक वाहन आपोआप भंगार होते ही समजूत आपल्याकडे दिल्लीच्या बातम्या वाचून पसरली. तेथे हरित लवादाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या परिसरापुरता जो हुकूम दिला, त्याची हद्द वर्धा नदीपर्यंत येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे एकेचाळिसावे कलम असे सांगते की, खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी करून घेतल्यास पाच-पाच वर्षांच्या मुदतीने तिचे नूतनीकरण होते. अशी नूतनीकरणे किती व्हावीत याला कायद्याने सीमा घातलेली नाही. सक्तीने मोडीत काढण्याचा नियम आहे तो सरकारच्या स्वतःच्या पंधरा वर्षांवरील वाहनांना, आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. तेव्हा भंगाराची चिंता करायचीच असेल तर ती कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या जीपगाड्यांची करावी. सरकारला जुनी वाहने नकोशी आहेत हे मात्र खरे, आणि ते आपली नाराजी शुल्काच्या रूपाने व्यक्त करते. मोटारसायकलीच्या नूतनीकरणाची फी २०२२ साली तीनशेवरून एक हजार झाली, २०२५ साली वीस वर्षांवरील गाडीसाठी ती दोन हजार झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. हे सर्व भाच्याने भरले आहे. फॉर्म पंचवीस भरून, तपासणीला गाडी उभी करून, चेसीसच्या आकड्यांवर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून घेतलेली छाप दप्तरी दाखल करून त्याने जो शिक्का मिळविला, त्यानंतर त्या गाडीला बेकायदा म्हणणाऱ्याने कायदा वाचलेला नाही, एवढेच मी म्हणेन.

आता ही गाडी आहे तरी काय, याविषयी चार शब्द. कारण गुरुजींनी तिचा उल्लेख ‘ते जपानी खेळणे’ असा केला. १९८० च्या दशकाच्या आरंभी केंद्र सरकारने शंभर घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याची दारे उघडली, आणि दोन-तीन वर्षांच्या आत सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी या चारही जपानी कारखान्यांनी येथील उद्योजकांशी हातमिळवणी केली. त्यापूर्वी आमच्या भागात मोटारसायकल म्हणजे जुनी राजदूत, येझदी, किंवा पाटलाच्या दारातली बुलेट. यामाहाशी हातमिळवणी केलेल्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० बाजारात आणली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबविले. पन्नास मिलिमीटर व्यासाचा पिस्टन, तेवढीच त्याची धाव, अकरा अश्वशक्ती आणि चार गिअर: कागदावर हा ऐवज काही दिपवून टाकणारा नाही. परंतु वजनाला हलकी असलेली ती गाडी पुसदच्या बाजूच्या घाटात ज्या सहजतेने चढत असे, ते ज्यांनी पाहिले त्यांना कागदाची गरज उरली नाही. कापूस एकाधिकार योजनेचे ते दिवस होते. चुकारे उशिराने येत, पण आले म्हणजे एकरकमी हाती पडत, आणि त्या पैशातून विहीर बांधावी, मुलीचे लग्न करावे की यामाहा घ्यावी, हा वाद कितीतरी घरांत झाला असेल. दारव्ह्याच्या गोठ्यातली गाडी अशाच कुठल्या तरी चुकाऱ्यावर घेतलेली होती. ती जपानहून आली हा आक्षेपही फार ताणण्यात अर्थ नाही. आरंभीच्या काही हजार गाड्यांचे सुटे भाग तिकडून आले, नंतरची सारी घडण उत्तर प्रदेशातल्या सुरजपूरची.

येथून मुख्य आक्षेपाकडे वळतो, आणि त्याला त्याच्या योग्यतेइतकाच मान देऊन वळतो. आमच्या जिल्ह्यातील दुःख खरे आहे. ते इतके खरे आहे की, त्याचा उपयोग वादात समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी करणे मला स्वतःला कोणत्याही मोटारसायकलीपेक्षा अधिक अशोभनीय वाटते. पण ते असो. शेतकऱ्याच्या गळ्याभोवती जो फास पडतो त्याचे सूत कोणते, हे गुरुजींनी क्षणभर तपासावे. पावसावर अवलंबून असलेले एकच नगदी पीक, हाती पैसा येण्याची अनिश्चित वेळ, आणि त्या अनिश्चित वेळेची पर्वा न करणारी परतफेडीची निश्चित तारीख: या तिन्हींचा पीळ म्हणजे तो फास. बँक असो, सावकार असो की गाडीला कर्ज देणारी वित्तसंस्था असो, तिला मृग कोरडा गेला की नाही, बोंडअळी पडली की नाही, याच्याशी कर्तव्य नसते. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता वळता झाला पाहिजे, एवढेच तिला ठाऊक. नवीन मोटारसायकल आज बहुतांशी अशाच हप्त्यांवर येते. ती हुंड्यात मागितली जाते, आणि तेव्हा तिचे हप्ते मुलीचा बाप फेडतो. पितळी घंघाळाच्या जागी आता शोरूमची चावी तबकात ठेवलेली मी अनेक लग्नांत पाहिली. त्या मांडवांत गुरुजीही अक्षता घेऊन उभे होते, आणि जिल्ह्याच्या दुःखाची आठवण त्यांना त्या वेळी झाल्याचे मला स्मरत नाही.

याउलट जुने यंत्र दुरुस्त करण्याचा खर्च कसा होतो ते पाहा. भाच्याने गाडी घेतली ती कापसाच्या वेचणीआधीचे सीतादही होऊन पहिल्या वेचणीचे पैसे हातात आल्यावर. इंजिन उघडले ते दुसऱ्या वेचणीनंतर. तिसऱ्या वेचणीच्या सुमारास भाव पडला, तेव्हा त्याने काम जागच्या जागी थांबविले. उघडलेले इंजिन जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून धान्याच्या कोठीवर ठेवले, आणि तूर विकली जाईपर्यंत त्याच्याकडे पाहिलेही नाही. एवढे महिने कोणी दारात येऊन उभे राहिले नाही, कोणी दंडव्याज लावले नाही, कोणी जामीनदाराला फोन केला नाही. दुरुस्ती थांबविता येते, हप्ता थांबविता येत नाही. आणि ज्याची मिळकत आभाळाकडे पाहून ठरते त्याच्या दृष्टीने या एका भेदापुढे बाकीचे सारे भेद गौण आहेत. गुरुजी ज्याला उधळपट्टी म्हणतात, ती कोरडवाहू शेतीच्या चालीने चालणारी खर्चाची एकमेव रीत आहे, असे मी म्हणतो.

या रीतीला यंत्राची रचनाही साथ देते. सिलिंडर झिजला म्हणजे तो फेकावा लागत नाही. लेथवर तो पाव मिलिमीटरने मोठा करून घ्यायचा आणि त्या मापाचा पिस्टन बसवायचा; पुन्हा झिजला की आणखी पाव; असे चार वेळा करीत एक मिलिमीटरपर्यंत जाता येते, आणि तेही संपले तर आत स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परत येता येते. प्रत्येक वेळी बोअरिंगची मजुरी आणि पिस्टन-रिंगचा संच, एवढाच काय तो खर्च, आणि तोही वर्षावर्षांनी. तो जातो तालुक्याच्या लेथवाल्याकडे, गल्लीतल्या मिस्त्रीकडे, सीट शिवणाऱ्याकडे आणि टाकी रंगविणाऱ्याकडे. क्रोमचे काम तेवढे नागपूरला पाठवावे लागले, याची मला खंत आहे. बाकीचा पैसा जिल्ह्यातच फिरला. नव्या गाडीचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जिल्ह्याची सीमा ओलांडतो आणि पुन्हा परतत नाही.

गुरुजी गणिताचे शिक्षक असल्यामुळे ते पेट्रोलाचा मुद्दा काढणार, आणि त्यांनी तो काढलाही. नवी चार-स्ट्रोक गाडी लिटरला साठ किलोमीटर जाते, तुमची ही चाळीसच्या वर जात नाही, मग काटकसर कुठे राहिली? आकडे मी वादापुरते जसेच्या तसे मान्य करतो. शेत, बाजार आणि तहसील मिळून दिवसाला वीस किलोमीटर धरू. जुन्या गाडीला अर्धा लिटर लागेल, नवीला लिटरचा तिसरा हिस्सा. फरक लिटरच्या सहाव्या हिश्श्याचा, म्हणजे आजच्या भावाने दिवसाला सतरा-अठरा रुपयांचा. महिन्याचे झाले सव्वापाचशे. यामाहाच्या दोन-स्ट्रोक इंजिनाला लागणाऱ्या टू-टी ऑइलचे दीड-दोनशे त्यात मिळवा. आता ऐंशी हजारांचे कर्ज तीन वर्षांत फेडायचे तर व्याजासह महिन्याला किती पडतात, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवावे. अडीच-तीन हजारांच्या खाली उत्तर आले तर मी ही यामाहा त्यांच्या दारात नेऊन उभी करीन.

धुराच्या प्रश्नावर मी अधिक सावधपणे बोलणार आहे, कारण तेथे गुरुजींच्या बाजूने बरेच सत्य आहे. वणीच्या कोळशाच्या ट्रकांनी उडविलेल्या भुकटीपुढे एका मोटारसायकलीचा धूर तो किती, असा युक्तिवाद भाच्याच्या मित्रांनी केला. त्याचा आधार मी घेणार नाही, कारण दुसऱ्याचे पाप मोठे असल्याने आपले पुण्य होत नाही. दोन-स्ट्रोक इंजिनाची घडणच अशी की, जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम नव्या पेट्रोल-मिश्रणाकडून करून घेतले जाते, आणि त्या गडबडीत काही ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाते. हा दोष मिस्त्रीला दूर करता येणार नाही, आणि याच कारणास्तव ही जात जगभरच्या रस्त्यांवरून गेली. आपल्याकडे दुचाकींच्या धुरावर पहिले निर्बंध १९९१ साली आले, १९९६ साली ते कडक झाले, आणि आरएक्स १०० त्याच वर्षी बंद झाली, हे गुरुजींनी न सांगितलेले प्रमाण त्यांच्याच बाजूने मी जोडून देतो.

परंतु लोक ज्याला जुन्या यामाहाचा धूर म्हणून ओळखतात, तो पांढरा, दाट, मागच्या माणसाला खोकवणारा लोट, तो या दोषातून येत नाही. भाच्याची गाडी प्रथम सुरू केली तेव्हा गल्ली दिसेनाशी झाली होती. मी सहजच म्हटले की, ही जातच अशी. मिस्त्रीने मान हलविली. त्याने प्लग काढून माझ्यासमोर धरला; तो काळा होता आणि तेलाने ओला होता. मग त्याने गिअरबॉक्समधले तेल परातीत काढले, ते असावे त्याहून कितीतरी कमी भरले. “हा धूर गाडीचा नाही भाऊ, सीलचा हाये,” तो म्हणाला, “क्लचकडचं सील फाटलं, इंजिन गिअरचं तेल वढून राह्यलं. सील टाका, मंग बोला.” रबराची ती कडी तळहातावर मावेल एवढी. उन्हाने आणि वर्षानुवर्षे उभे राहिल्याने ती कडक झाली होती, आणि तिच्या ओठावर नखाएवढी चीर गेली होती. ती बदलली, दुसऱ्या बाजूची बदलली, तेलाच्या पंपाची खूण जागेवर आणली, सायलेन्सरमधली काजळी कॉस्टिक सोड्याने काढली. त्यानंतर सकाळची पहिली दोन-चार मिनिटे सोडली तर डोळ्यांना धूर दिसत नाही. न दिसणारा जो आहे तो आहे, आणि तो मी वर मान्य केलेला आहे. पण गोठ्यात पडली होती त्या अवस्थेत दुसऱ्या कोणी ती नेऊन तशीच ढकलत चालविली असती, तर गुरुजींच्या नाकातोंडात जे गेले असते त्याचा विचार केला, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यातील विसंगती स्पष्ट व्हावी.

माझे खरे भांडण गुरुजींशी नाहीच, असे मला लिहिता लिहिता वाटू लागले आहे. या गाड्यांचे जे स्वयंघोषित भक्त आहेत, त्यांनी या हौसेची जेवढी नाचक्की केली तेवढी तिच्या शत्रूंनीही केलेली नाही. सायलेन्सरचे पोट कापून अपरात्री शहराच्या मध्यातून गडगडाट करीत जाणारे हे वीर, मूळ टाकी उतरवून तिच्या जागी भलतेच काही बसविणारे हे कलावंत, आणि त्यांच्यावर पोसलेले ते दलाल, ज्यांनी एकेका गाडीचा भाव लाखाच्या घरात नेऊन ठेवला! वाहनाच्या मूळ घडणीत नोंदीशी विसंगत असा फेरफार करण्यास कायद्याचे बावन्नावे कलम मनाई करते. ते या मंडळींना कोणी वाचून दाखवील तर बरे. त्याहून वाईट प्रकार कागदांचा. एका गाडीचे इंजिन, दुसरीची चेसीस आणि तिसरीचे आरसी बुक एकत्र करून ‘फुल ओरिजनल’ म्हणून विकणारे इसम आमच्या भागातही हिंडतात, आणि ही गाडी चोरांची एकेकाळी आवडती असल्याने, स्वस्तात मिळालेली आरएक्स कोणाच्या फिर्यादीत नोंदली गेली आहे हे घेणाऱ्याला ठाण्यात बोलावणे आल्यावर कळते. म्हणून भाच्याला मी एकच अट घातली होती. हँडलखालच्या मानेवरचा आणि इंजिनावरचा, असे दोन्ही आकडे खडू घासून वाचायचे, पुस्तकातल्या नोंदीशी अक्षरशः ताडून पाहायचे, एका आकड्याच्या कडाही खरवडलेल्या दिसल्या तर भाव न विचारता परत फिरायचे. आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने, किंवा तो हयात नसल्यास त्याच्या वारसाने, हस्तांतराच्या फॉर्मवर सही केल्याशिवाय पैसा सोडायचा नाही. नुसत्या बॉण्डपेपरवर गाड्या घेणाऱ्यांच्या बाजूने मी कैफियत देत नाही. त्यांच्यावर गुरुजींनी खुशाल आसूड ओढावा, चाबूक मी आणून देईन.

एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. यामाहा या कारखान्याच्या मुळाशी एक दुरुस्तीच आहे. तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला १८८७ साली जपानातील हामामात्सू गावच्या शाळेत नादुरुस्त झालेला रीड ऑर्गन दुरुस्त करण्यासाठी बोलावले. तो उघडून पाहताना त्याला वाटले की, हे आपल्यालाही घडविता येईल, आणि त्यातून वाद्यांचा व पुढे, १९५५ साली, मोटारसायकलींचा कारखाना उभा राहिला. गाडीच्या टाकीवर आजही तीन स्वरकाट्यांची खूण असते ती त्यामुळे. या कारखान्याची पहिली मोटारसायकलही, एक जर्मन गाडी समोर ठेवून, तिच्यावरून शिकत शिकत केलेली होती. शाळेतले मोडके वाद्य फेकून नवे मागवा, असे सांगणारा एखादा काटकसरी हेडमास्तर त्या शाळेला लाभला नाही, हे जपानचे नशीब.

गुरुजींनी शेवटी एक तडजोड सुचविली आहे, आणि तिच्यामागचा स्नेह मी ओळखतो. ठेवायचीच असेल तर ती गाडी धुऊनपुसून दिवाणखान्यात ठेवा, शोभेची वस्तू म्हणून; रस्त्यावर कशाला? हेच गुरुजी आमची शकुंतला रेल्वे पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवेदनांवर सह्या करतात. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले इंजिन १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर गाडी ओढत होते, हे ते अभिमानाने सांगतात, आणि ते इंजिन शोभेसाठी उभे केल्याचे त्यांना दुःखच आहे. पण तो मुद्दा सोडा. तडजोडीचा हिशेब पाहू. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून मान मिळतो, त्यासाठी वेगळा क्रमांक मिळतो, नोंदणीचे वीस हजार रुपये पडतात, आणि त्या दिवसापासून ते रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई होते. मेळावा, प्रदर्शन, देखभाल अशा मोजक्या कामांपुरतीच मोकळीक. अगदी पहिली आरएक्स १०० देखील या मानाला पात्र होईल ती २०३५ साली. तोपर्यंत ती दिवाणखान्यात उभी ठेवायची, पेट्रोलाचा डिंक कार्बोरेटरच्या जेटमध्ये साठू द्यायचा, आत्ताच पैसे देऊन बदललेली दोन्ही सीले पुन्हा वाळू द्यायची, शेतात जाण्यासाठी म्हणून दरम्यान हप्त्यावर दुसरी गाडी घ्यायची, आणि एवढे सगळे निमूटपणे केल्यावर २०३५ साली सरकारात वीस हजार भरायचे. हा खर्च काटकसरीच्या कोणत्या खात्यावर मांडायचा, ते गुरुजींनी कळवावे. भाचा वहीत तशी नोंद करून घेईल.